रविवारी तोफ नसते

४ ऑगस्ट २०२४, रविवार, दुपारचे बारा वीस. एडिनबरातल्या रोझ स्ट्रीटवर एका पबच्या माडीवर एकवीस माणसं बसली होती. त्यांतले तिघे आम्ही : ताई, मेहुणे आणि मी. समोर माइक घेऊन ताईची मुलगी. उरलेल्या अठरा परक्या माणसांना ती पुढची पन्नास मिनिटं आमच्या घरावर हसवणार होती, तेही फुकटात.

मी नाटकांना साउंड देतो. अठ्ठावीस वर्षं झाली. राज्य नाट्य स्पर्धेपासून महाविद्यालयीन एकांकिकांपर्यंत फोनची रिंग, पाऊस, कुकरची शिट्टी, गोळीबार, सगळं वाजवून झालंय. नटानं पिस्तूल रोखलं आणि बारच झाला नाही, तर सभागृहात काय होतं हे मी स्वतःच्या चुकीनं दोनदा भोगलंय. त्या रविवारी जे झालं ते मामा म्हणून लागलं ते लागलंच, पण साउंडवाला म्हणूनही डोक्यातून जाईना. म्हणून हे टिपण.

बादली

एडिनबराच्या फ्रिंजला निवड समिती नसते, हे आपल्याकडच्या माणसाला पहिल्यांदा पटत नाही. दुसरं महायुद्ध संपल्यावर १९४७ साली या शहरानं मोठा आंतरराष्ट्रीय कला महोत्सव भरवला. आठ नाटक मंडळ्या बोलावणं नसताना आल्या आणि कडेकडेला मिळेल त्या जागेत प्रयोग करून मोकळ्या झाल्या. त्या कडेचंच नाव पुढं फ्रिंज पडलं, आणि आता ती झालर मूळ पदरापेक्षा कितीतरी मोठी झाली आहे. २०१९ साली तिथं ३,८४१ कार्यक्रम होते. तुम्हाला कुणी बोलावत नाही आणि अडवतही नाही. जागा शोधा, राहायचं बघा, पत्रकं छापा, माणसं गोळा करा.

भाची लीड्सला नोकरी करते. चार वर्षं संध्याकाळी स्टँडअपचे ओपन माइक, म्हणजे कुणीही उभं राहून विनोद सांगावेत असे खुले कार्यक्रम, करून करून तिचा पन्नास मिनिटांचा सेट, म्हणजे सलग कार्यक्रम, झाला होता. तिकीटवाली खोली परवडणारी नव्हती, म्हणून तिनं फुकटवाली घेतली. पीटर बकली हिल नावाच्या विनोदवीरानं १९९६ मध्ये ही पद्धत तिथं सुरू केली. कलावंतानं भाडं द्यायचं नाही, प्रेक्षकानं तिकीट काढायचं नाही, पबवाल्याची बियर खपते, आणि शेवटी कलावंत दारात बादली धरून उभा राहतो. कीर्तन संपल्यावर आरतीचं ताट फिरतं, त्यातलाच प्रकार. फरक इतकाच की इथं बुवा स्वतःच ताट फिरवतो आणि त्याआधी दोन मिनिटं पैसे का टाकावेत यावर बोलतो. ते दोन मिनिटांचं बोलणं भाचीनं सेटपेक्षा जास्त घोकलं होतं.

आदल्या वर्षी, २०२३ मध्ये, मुंबईच्या उरूज अश्फाकनं तिथलं विनोदातलं नवोदितांचं मोठं पारितोषिक मिळवलं होतं. त्याच वर्षीचं मुख्य पारितोषिक आहिर शाह या ब्रिटिश स्टँडअपवाल्याला मिळालं, आणि त्याचा कार्यक्रम त्याच्या आजोबांच्या स्थलांतराभोवती होता. आजोबांवर बोलायचा धीर भाचीला तिथून आला असावा असा माझा संशय आहे. ती कबूल करत नाही.

वही

माझे वडील चिपळूणला तार ऑफिसात होते. तारेला शब्दामागं पैसे पडायचे. माणसं खिडकीशी उभी राहून मजकुरातले शब्द खोडत, आणि वडील उरलेले मोजत. शुभेच्छांच्या तारांची वाक्यं ठरलेली असायची, प्रत्येक वाक्याला आकडा. आकडा पाठवला की पलीकडं पूर्ण वाक्य छापून घरी पोचायचं. अशी तीस-बत्तीस वर्षं काढल्यावर माणूस घरीसुद्धा तसाच बोलायला लागतो. निवृत्तीनंतर घरी फोन आला तेव्हा त्यांनी त्याच्या शेजारी लाल पुठ्ठ्याची खतावणी ठेवली. आलेला-गेलेला प्रत्येक फोन त्यात : तारीख, कोण, काय, किती वेळ. येणाऱ्या फोनला आपल्याला पैसे पडत नाहीत हे त्यांना माहीत होतं. तरी वेळ टिपायचे.

वडील गेल्यावर ती वही भाचीनं मागून घेतली. मला वाटलं, आठवण म्हणून.

सेटमधला भाग असा होता. ती इंग्रजीत बोलते, मी मराठीत देतो. "आजोबांना विचारलं, कसे आहात? ते म्हणायचे, 'बरा.' 'मी बरा आहे' म्हणाले असते तर तीन शब्दांचे पैसे पडले असते." मग आकड्यांच्या तारा समजावून सांगायच्या, की "दहावीला मला चांगले मार्क पडले तेव्हा आजोबांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि एक आकडा सांगितला." मग खरोखरची वही पिशवीतून काढायची आणि १९९४ सालचं तिच्या जन्माच्या दिवसाचं पान उघडायचं. "मुलगी. दोघी सुखरूप. ४२ सेकंद."

इथं मोठा हशा. आणि त्यानंतर तोफ.

एकचा बार

एडिनबराच्या किल्ल्यावरून रोज दुपारी एकला तोफ उडते. १८६१ पासून. लीथच्या बंदरातल्या जहाजांना घड्याळं लावता यावीत म्हणून ती सुरू झाली, कारण धुकं पडलं की टेकडीवरच्या मनोऱ्याचा वेळदर्शक गोळा खलाशांना दिसेना. तिथले लोक हसत सांगतात, की बाराला उडवली असती तर बारा बार काढावे लागले असते, एकला एकात भागतं. स्कॉटिश काटकसरीचा हा किस्सा पबच्या मालकानं भाचीला पहिल्याच दिवशी ऐकवला. तोफ उत्तरेच्या तटावरून उडते आणि रोझ स्ट्रीट त्याच बाजूला, प्रिन्सेस स्ट्रीटच्या मागं. माडीवरची एक खिडकी उघडी ठेवली तर बार छातीत येतो.

तिचा कार्यक्रम बारा वीस ते एक दहा. म्हणजे तोफ बरोबर चाळिसाव्या मिनिटाला, तिचा सेट चालू असतानाच. दुसरा कुणी वैतागला असता. हिनं वहीचा भाग सरकवून तिथं आणला. ४२ सेकंदांचा हशा ओसरला की मनगटाकडं बघायचं आणि म्हणायचं, "आजही मी जरा जास्त बोलले की आजोबा..." आणि धडाम.

क्यू, म्हणजे आवाज नेमका कधी यायचा ती खूण, म्हणून हा किती अवघड आहे ते सांगतो. नाटकात नट वाक्य बोलतो आणि मी बटण दाबतो. तो अडखळला तर मी थांबतो. इथं बटण किल्ल्यावरच्या गोलंदाजाच्या हातात, आणि तो थांबणार नाही. म्हणून नटानंच आपलं वाक्य त्याच्या सेकंदावर नेऊन ठेवायचं, तेही हशा किती लांबेल याचा अंदाज घेत. मागच्या भिंतीवर तिनं सेकंदकाट्याचं घड्याळ टांगलं होतं. शुक्रवारी, पहिल्या दिवशी, ती दहा सेकंद लवकर पोचली आणि काहीतरी बडबडून वेळ काढला. शनिवारी वाक्य आणि बार एकाला एक लागून आले. लोकांनी बाकांवर हात आपटले. आम्ही त्या दिवशी संध्याकाळी पोचलो तेव्हा घरात दिवाळी होती.

तोफ रविवारी उडत नाही. हे तिला माहीत नव्हतं. आम्हाला तर नाहीच. तिथं चार वर्षाच्या पोरालाही माहीत असेल. पण तिचा तो तिथला पहिलाच रविवार होता, आणि जी गोष्ट रोज घडते तिला सुट्टी असते का, हे कोण विचारतं?

खोली आणि आम्ही

सकाळी अकरापासून मी पत्रकं वाटली. रॉयल माइलवर नाही, तिथं पावलापावलाला पत्रकवाले. आम्ही रोझ स्ट्रीटच्याच तोंडाशी उभे राहिलो. भाचीनं शिकवलेलं वाक्य : "बारा वीसला, त्या दारात, वर, फुकट." विनोदी आहे असं सांगायचंच नाही, कारण तिथं सगळेच विनोदी असतात. वेळ आणि अंतर सांगायचं. मला ते फार पटलं. आमच्या स्पर्धेच्या पत्रकांवर दिग्दर्शकाची भूमिका छापलेली असते.

खोली लहान, छत बुटकं. स्टँडअपला यासारखी जागा नाही. हशा छताला लागून खाली येतो आणि वीस माणसं पन्नासांसारखी वाजतात. त्यात तिनं अडतीसपैकी बारा खुर्च्या मिटवून भिंतीला लावून टाकल्या होत्या. रिकामी खुर्ची हशा गिळते, हे तिला कुणी शिकवलं कोण जाणे. मला कळायला दहा वर्षं लागली होती.

माझं मत होतं की आपण मागं, खिडकीपाशी बसावं. ताई म्हणाली, "पोटची पोर आहे, मागं काय बसू?" आणि पहिल्या रांगेत मधोमध बसली. मेहुणे तिच्या डावीकडं, मी उजवीकडं. पहिल्या रांगेतले नातेवाईक काय गोंधळ घालतात ते मी तिथं जवळून पाहिलं. ताईला सगळे किस्से पाठ, त्यामुळं ती पंचच्या, म्हणजे हशाच्या वाक्याच्या, आधी हसायची. भाचीनं "लाल पुठ्ठ्याची वही" म्हटलं की ताईचा खिदळा. मागच्यांना वाटायचं विनोद होऊन गेला आणि आपल्याला कळला नाही. मेहुणे उलटे. ते एकदाही हसले नाहीत. मुलगी परीक्षेला बसली आहे असा चेहरा करून पन्नास मिनिटं ताठ बसले होते.

आणि मी. मी बाकी सगळ्याला हसलो, ४२ सेकंदांना हसलो नाही.

त्याचं कारण सांगतो. ताईचं पहिलं बाळंतपण खरं तर चिपळूणलाच व्हायचं, पण डॉक्टरांनी प्रवासाला नाही म्हटलं. म्हणून आई डोंबिवलीला ताईकडं आली आणि वडील घरी एकटे राहिले. मी तेव्हा बावीस वर्षांचा, नोकरी शोधत ताईकडंच मुक्काम. मुलगी झाल्याचं कळवायला मी प्रसूतिगृहासमोरच्या एसटीडी बूथवर गेलो. काचेच्या खोक्यात लाल आकडे पळत होते. माझ्या खिशात तेवढेच पैसे होते आणि रात्रीच्या सिनेमाला जायचं होतं. मी बातमी सांगितली. वडील म्हणाले, "रंग कुणाचा? वजन किती? ताई बोलली का?" एका दमात तीन प्रश्न! तार ऑफिसातला माणूस पहिल्यांदाच शब्द उधळत होता. मी म्हणालो, "नंतर करतो," आणि ठेवला. ४२ सेकंद झाले ते असे. फोन तोडला मी. वहीत ते येणार कुठून? वडील स्वतःच्या प्रश्नांची नोंद करायचे नाहीत.

आपल्या एकपात्रीत नट चार-पाच माणसं उभी करतो आणि ती रचलेली आहेत हे सगळ्यांना ठाऊक असतं. एखादं पात्र आपल्या काकांसारखं वाटलं तर आपणच एकमेकांना कोपरानं ढोसतो. स्टँडअपवाला मात्र "मी" म्हणतो, "माझे आजोबा" म्हणतो, आणि हे सगळं खरंच घडलंय असं धरून लोक हसतात. परक्याला तिथं एकच गोष्ट ऐकू येते. नातेवाइकाला एकाच वेळी दोन ऐकू येतात, आणि दुसरी ऐकण्यात तो हसायला उशीर करतो. नटाची नजर नेमकी त्याच्यावरच असते.

सहा सेकंद

"आजही मी जरा जास्त बोलले की आजोबा..."

घड्याळात एक वाजला. तिनं मनगट वर धरलं होतं, मान किंचित तिरकी, तोफेच्या बाराची वाट बघणारी. शनिवारी हेच तिनं आम्हाला स्वयंपाकघरात करून दाखवलं होतं.

काही झालं नाही.

मी सवयीनं मोजायला लागलो. एक, दोन. इथपर्यंत पॉज चालतो, लोकांना वाटतं मुद्दाम आहे. तीन. चार. खिडकीतून प्रिन्सेस स्ट्रीटवरच्या कुणा बॅगपाइपवाल्याचा सूर आला. तिची नजर घड्याळावरून खिडकीवर आणि खिडकीवरून माझ्यावर आली. माझ्यावर का? मी साउंडवाला म्हणून. लहानपणी ती माझ्याबरोबर साउंडच्या बूथमध्ये बसायची. तिच्या डोक्यात बार वाजवणारा माणूस म्हणजे मामा. पाच. सहाव्या सेकंदाला ताई शुद्ध मराठीत मोठ्यानं म्हणाली, "अगं, बोल की पुढं!"

आणि मागच्या रांगेतून एक म्हातारे गृहस्थ, बियरचा ग्लास मांडीवर, अगदी हळुवारपणे म्हणाले, "रविवारी तोफ नसते, हेन." हेन म्हणजे कोंबडी नव्हे. तिथं पोरीबाळींना लाडानं तसं म्हणतात, कोकणात "बाय" म्हणतात तसं.

खोली फुटली. तोफेच्या बाराला मिळाला असता त्याहून मोठा हशा, कारण आता सगळ्यांना दोन्ही गोष्टी एकदम कळल्या, की ही तोफेची वाट बघत होती आणि तोफेला आज सुट्टी आहे. भाची चेहरा झाकून उभी राहिली. हशा उतरणीला लागल्यावर, अगदी बरोबर उतरणीला लागल्यावर, तिनं हात खाली घेतले आणि म्हणाली, "बरोबर आहे. रविवारी तार ऑफिस बंद."

टाळ्या पडल्या. तिला तो पंच त्या क्षणी सुचला होता. वडिलांना कितीतरी रविवारी ड्युटी लागायची, पण ते त्या खोलीत मी कुणाला सांगणार?

साउंडवाल्याच्या बाजूनं एवढंच सांगतो, की फसलेला क्यू झाकायचा नसतो. मी पूर्वी बार चुकला की घाईघाईनं उशिरा वाजवायचो, आणि त्यानं नट आणखी उघडा पडायचा. तिनं ते सहा सेकंद तसेच राहू दिले. धैर्यानं नव्हे, दुसरं काही सुचलं नाही म्हणून. पण तेवढ्या वेळात खोलीला तिची काळजी वाटायला लागली होती, आणि म्हणूनच तो म्हातारा बोलला. तिनं सारवासारव सुरू केली असती तर तो गप्प बसला असता.

शेवटी दारात बादली. मेहुण्यांनी दहाची नोट टाकली आणि पोरीशी हात मिळवला, जणू दुसऱ्याच कुणाची मुलगी. ताईनं वीसची नोट आणि वर एक पौंडाचं नाणं टाकलं. "एकवीस," ती मला म्हणाली, "नुसते वीस कसे द्यायचे?"

नंतर

खाली पबमध्ये बटाट्याच्या तळलेल्या फोडी घेऊन बसलो. ताई-मेहुणे किल्ला बघायला गेले.

"मामा, तू बेचाळीसला हसला नाहीस."

"लक्ष नव्हतं."

"खोटं बोलू नको. माझं होतं."

मग सांगितलं. बूथ, लाल आकडे, सिनेमा, तीन प्रश्न. कुठला सिनेमा तेही सांगितलं, अगदीच टुकार होता. तीस वर्षांत हे मी कुणाला बोललो नव्हतो, ताईलाही नाही. ती फोडी खायची थांबली. मला वाटलं रागावली. तर ती पिशवीतून वही काढून पान शोधत होती.

"हे बघ. त्याच्या खाली."

दुसऱ्या दिवसाची तारीख. फोन नाही. तिसऱ्या दिवसाची तारीख. फोन नाही. वडिलांचं तेच तिरकं, कोरडं अक्षर.

"मला वाटलं, लाइन बंद होती," ती म्हणाली.

लाइन चालू होती. मी "नंतर करतो" म्हणालो होतो आणि केला चौथ्या दिवशी, आईनं ओरडल्यावर.

मी म्हणालो, मग आता ते बदल. खरं काय झालं ते सांग, माझं नाव घे. तिनं मान हलवली. "नाही रे मामा. दोन माणसं ठेवली की लोक विचारत बसतात, नक्की वाईट कोण. विनोदात एकच लागतो." मी म्हणालो, मग तो वाईट आजोबा का? त्यावर तिच्याकडं उत्तर नव्हतं. माझ्याकडंही फारसं तोंड नव्हतं.

सोमवारी मी एकटा गेलो आणि खिडकीपाशी, मागच्या रांगेत बसलो. सव्वीस माणसं होती. वहीचा भाग तिनं एक मिनिट आधी घेतला. "मुलगी. दोघी सुखरूप. ४२ सेकंद." हशा. मी हसलो, ती बघत होती म्हणून. मग तिनं पान मिटलं नाही. "दुसरा दिवस. फोन नाही." थोडे हसले. "तिसरा दिवस. फोन नाही." कुणी हसलं नाही. मनगटाचं वाक्य तिनं काढूनच टाकलं होतं. वही मिटली आणि माइक खाली धरून उभी राहिली. घड्याळात अजून अकरा सेकंद होते, आणि तिच्याकडं बोलायला काही नव्हतं. मी मोजलं नाही.

बार झाला. ठाऊक असूनही मी खुर्चीत उडालो. माझ्यापुढच्या बाईच्या ग्लासातली बियर सांडली आणि सगळे तिच्याकडं बघून हसले.

बादलीत त्या दिवशी ५८ पौंड जमले. रविवारी ८३ होते, पण त्यातले २१ ताईचे.